कोऱ्या रकान्याने तीन महिने खाल्ले

५ एप्रिल २०२४, शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजलेले. महापेच्या ऑफिसातून निघून मी घणसोली स्टेशनच्या शेअर रिक्षात चौथी म्हणून कशीबशी टेकले होते, तेवढ्यात सपोर्टमधल्या मुलीचा फोन आला. "ताई, पाचपाखाडीच्या सोसायटीची बिलं कोरी गेलीत."

अख्खी बिलं कोरी नव्हती. कोरा होता फक्त 'एकूण देय' हा रकाना, तोही ९६ पैकी १४ फ्लॅटच्या बिलांवर. आणि ते चौदा जण नेमके थकबाकीदार. वेळेवर पैसे भरणाऱ्यांना पै-पैचा हिशेब मिळाला, ज्यांनी पैसे थकवले त्यांच्या बिलावर देय रकमेच्या जागी पांढरा कागद. त्यातल्या एका गृहस्थांनी बिलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, "कमिटीचे मनःपूर्वक आभार."

आमची कंपनी लहान आहे. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब, बिलं, पावत्या यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १४. थकबाकीवरचं व्याज काढणारं एक फंक्शन (ठरलेलं गणित करून उत्तर देणारा कोडचा तुकडा) त्यात आहे आणि ते माझंच. म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं. फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे बाहेरून दिलेली किंमत म्हणून, नल आला तर त्याने काय करावं, एवढ्या एका प्रश्नात मी पुढचे तीन महिने अडकले. सुरुवातीला मला वाटलं होतं, दोन तासांचं काम. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान कुठे कुठे ठेच लागते ते आधी कळावं म्हणून हे लिहितेय.

ज्यांचा डेटाबेसशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. 'इथे काय आहे ते ठाऊक नाही' अशी ती खूण. त्यामुळे नलमध्ये पाच हजार मिळवले तरी उत्तर नलच. आणि नल बरोबर नल आहे का असं विचारलं तर उत्तर हो नाही, नाहीही नाही, 'माहीत नाही'. हो, नाही आणि माहीत नाही अशा तीन उत्तरांवर एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा चालते. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यातलं अंतर किती, ते पुढे येतंच.

गाडी ऐरोलीला पोचेपर्यंत मला चूक सापडली होती. मार्चमध्ये मी ते फंक्शन 'साफ' केलं होतं. त्यात आधी नल तपासणाऱ्या चार-पाच अटी होत्या, दिसायला गचाळ. त्या काढून मी फंक्शनच्या डोक्यावर एकच शब्द लावला, 'स्ट्रिक्ट'. पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिक्ट म्हणजे असं की एकही आर्ग्युमेंट नल असेल तर फंक्शन चालवलंच जात नाही, उत्तर थेट नल. 'रिटर्न्स नल ऑन नल इनपुट' असंही लिहितात, अर्थ तोच. पाच ओळींच्या जागी एक शब्द आला म्हणून मी खूश होते. पण ज्याने पैसे भरलेच नाहीत, त्याच्या 'भरल्याची तारीख' या रकान्यात काय असणार? नल. म्हणजे व्याज नल. मुद्दल अधिक नल म्हणजे एकूण देय नल. आणि रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम नलच्या जागी काहीच छापत नाही. चाचणीसाठी आमच्याकडे जो डेटा होता त्यात सगळ्यांनी गुणी मुलांसारखे पैसे भरलेले होते, त्यामुळे हे कुणाला दिसलंच नाही.

ठाण्याला उतरून कळव्याची गाडी न पकडता मी फलाटावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. हीच दुसरी चूक. घाईघाईत बाहेरच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) कोअलेस लावला, व्याज नल आलं तर शून्य धर. टीम लीडने फोनवरच होकार दिला, साडेआठला बदल लाइव्ह गेला, बिलं पुन्हा निघाली. चौदाही बिलांवर आकडे आले. मी सुटकेचा श्वास सोडला आणि स्टेशनबाहेर वडापाव खाऊन घरी गेले.

सोमवारी, ८ तारखेला, सोसायटीच्या हिशेबनीस काकांचा फोन. रिटायर्ड माणूस, आवाज शांत. "मॅडम, व्याज शून्य आलंय. माफी कुणी दिली?"

यावर मी काय बोलणार? शुक्रवारचं बिल निदान कोरं होतं, बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपत होतं. आता त्यावर ०.०० असा नीटनेटका आकडा होता आणि तो खरा वाटत होता. काकांनी पावती पुस्तकाशी ताडून पाहिलं नसतं तर चौदा जणांचं व्याज कुणाच्या नकळत माफ झालं असतं. त्या दिवसापासून 'नल आला की शून्य धरा' ही सूचना ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. सवलतीसारख्या ठिकाणी ती बरोबरही असते, पण आधी विचारल्याशिवाय नाही.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. गुढी उभारून झाली, श्रीखंड तयार होतं आणि मी डायनिंग टेबलवर बसून शुक्रवारचा बदल मागे घेत होते. काकांनी चौदा बिलं लाल पेनाने हातानेच दुरुस्त केली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वर्षाचा पहिला दिवस आहे, वर्षभर हेच करशील." त्यांचं भाकीत अजून तरी खोटं ठरलेलं नाही.

बुधवारी मॅनेजर बाईंनी बोलावलं. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आता घाई नको. बदलाचा रीतसर अर्ज कर, समितीपुढे ने. पुढची बिलं १ जुलैला आहेत, तेवढा वेळ आहे तुला."

आमच्याकडे लाइव्ह डेटाबेसमधल्या कुठल्याही बदलाला चार पानी अर्ज लागतो. काय बदलणार, का बदलणार, कशाकशावर परिणाम, फसलं तर मागे कसं येणार, चाचणीचा पुरावा, आणि तीन सह्या: टीम लीड, डीबीए (डेटाबेसचं प्रशासन बघणारी व्यक्ती) आणि ग्राहकाचा प्रतिनिधी. समिती फक्त गुरुवारी बसते. बुधवारी दुपारी बारापर्यंत अर्ज गेला नाही तर पुढचा गुरुवार. हे आधीच माहीत असतं तर मी पहिला आठवडा वाया घालवला नसता. मी आधी कोड लिहीत बसले, अर्ज शेवटी भरला. तुम्ही उलटं करा. अर्जातले प्रश्न आधी वाचा. 'या फंक्शनला कोण कोण हाक मारतं' हा प्रश्न तिथे असतोच आणि त्याचं उत्तर शोधायलाच दिवस जातात. आमच्याकडे ते फंक्शन रिपोर्ट, मोबाईल अ‍ॅप आणि रात्री आपोआप चालणारे जॉब धरून ४३ ठिकाणी वापरलेलं निघालं. मी 'सात-आठ असतील' म्हणत होते.

त्या शोधात आणखी एक गोष्ट वर आली. तीन सोसायट्यांच्या नोंदीत व्याजाचा दरच नल होता. स्ट्रिक्ट लावण्याआधीच्या माझ्या त्या 'गचाळ' कोडमध्ये दर नल असेल तर शून्य धरलं जात होतं. म्हणजे या तिघांच्या थकबाकीवर दोन वर्षं व्याज लागलंच नव्हतं आणि कुणी ओरडलंही नव्हतं. टेबलवर दर २१ पेक्षा जास्त नको अशी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे चुकीची किंमत अडवणारी अट, होती (आदर्श उपविधींत तेव्हा कमाल मर्यादा वार्षिक २१ टक्के होती, सरळ व्याजाने, म्हणून). मला वाटायचं ती राखण करतेय. पण चेक कन्स्ट्रेंट फक्त 'नाही' असं उत्तर आलं तरच अडवते. नल २१ पेक्षा कमी आहे का? माहीत नाही. मग जाऊ दे आत. दारावरचा वॉचमन चेहरा दिसला नाही म्हणून कुणालाही आत सोडतोय, असा प्रकार.

१८ एप्रिलला माझा अर्ज परत आला. कारण काय? 'रकाना ७ कोरा आहे.' रकाना सात म्हणजे 'ग्राहकावर होणारा आर्थिक परिणाम'. आकडा मला अजून माहीत नव्हता म्हणून मी तो सोडून दिला होता. समितीतल्या बाई म्हणाल्या, "परिणाम नाहीये, की माहीत नाही, की लिहायला विसरलीस? आम्ही काय समजायचं?" बाहेर येऊन मी कॉफी मशीनपाशी एकटीच हसत उभी राहिले. माझ्या फंक्शनने मला हाच प्रश्न विचारायला हवा होता.

त्या शनिवार-रविवारी मी पोस्टग्रेसचं मॅन्युअल घेऊन बसले. मनात होतं की नलचा एक सर्वमान्य नियम सापडेल, तो आपण लावू आणि समितीच्या तोंडावर फेकू. असा नियम नाही. खुद्द डेटाबेसच्या स्वतःच्या फंक्शनांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडला तर एक नल सगळ्याला नल करतो. तेच काम कॉनकॅटने केलं तर तो नल सरळ गाळतो. ग्रेटेस्ट हे फंक्शन पोस्टग्रेसमध्ये नल वगळून उरलेल्यातलं मोठं देतं, मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये मात्र एक नल आला की उत्तर नल. नाव एकच, घराणी वेगळी. तारखांची रेंज बनवताना शेवटची तारीख नल दिली तर 'माहीत नाही' असा अर्थ होत नाही, 'शेवट नाही' असा होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ते कॉनकॅटच्या जुळ्या भावापाशी, ज्यात पहिलं आर्ग्युमेंट जोडचिन्ह असतं. त्याला बाकीच्यांत कुठेही नल द्या, तो गाळून पुढे जातो. पण जोडचिन्हच नल दिलंत तर उत्तर नल. एकच फंक्शन, पण एका जागी आलेला नल चालतो आणि दुसऱ्या जागी आलेला चालत नाही. फॉरमॅट तर त्याहून मजेदार. तोच नल साध्या मजकुराच्या जागी आला तर रिकामी जागा, एसक्यूएलमधल्या मूल्याच्या जागी आला तर अवतरणचिन्हांविना नल हा शब्द, आणि टेबलच्या किंवा कॉलमच्या नावाच्या जागी आला तर थेट एरर. नाव नसलेलं टेबल कसं असेल? बरोबरच आहे.

आणि जेसनबी-सेट, म्हणजे जेसन (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांत ठेवलेली माहिती) बदलणारं फंक्शन. हे फंक्शन स्ट्रिक्ट आहे. मोठ्या जेसनमधली एक किल्ली बदलायला जावं आणि नवी किंमत चुकून नल असावी, तर ती किल्ली नाही, अख्खं जेसन नल होऊन परत येतं. अपडेटमध्ये वापरलं असेल तर त्या ओळीतला सगळा मजकूर गेला. २०२० साली आलेल्या १३व्या आवृत्तीत याचं एक 'लॅक्स' भावंड दिलं गेलं. त्याचं शेवटचं आर्ग्युमेंटच विचारतं की नल आला तर काय करू: एरर देऊ, जेसनमधला नल लिहू, किल्ली काढून टाकू, की होतं तसं राहू देऊ? हे वाचून मला फार हलकं वाटलं. एवढ्या अनुभवी लोकांनाही एकच उत्तर सापडलं नाही, त्यांनी शेवटी वापरणाऱ्यालाच विचारलं.

मग मीही विचारायला गेले. २७ एप्रिल, शनिवार, सकाळी दहा. कळव्याहून ठाणे, पुढे रिक्षा, मीटरचे तेव्हाचे किमान २३ रुपये. ग्राहकाच्या प्रतिनिधीची सही अशीही काकांचीच हवी होती. सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची आठ बाय दहाची खोली, लोखंडी कपाट, मीटिंगच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. सॉफ्टवेअर असूनही काका स्वतःची खातेवही ठेवतात. मी ती बघायला मागितली.

त्या वहीत एकही घर कोरं नव्हतं. सवलत नसेल तिथे आडवी रेघ. पैसे आले नसतील तिथे 'बाकी'. माहिती मिळायची असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पान अर्ध्यात संपलं तर उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारलेली.

"कोरं का ठेवत नाही?" मी विचारलं.

"अहो, कोरी जागा म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी लिहायला दिलेली जागा," काका म्हणाले. "चेकवर रुपये पाचशे लिहून पुढे 'मात्र' का लिहितो आपण?"

मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. फंक्शनची आर्ग्युमेंट मराठीत लिहिली होती आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे कोरं असेल तर तुम्ही काय समजता? मुद्दल कोरं? "म्हणजे बिलच झालं नाही अजून. व्याजाचा प्रश्नच नाही, रकाना सोडा." सवलत कोरी? "नाही दिली. शून्य." भरल्याची तारीख कोरी? "भरलेच नाहीत हो! आजपर्यंतचं व्याज लावा." देय तारीख कोरी? काका जरा थांबले. "असं होऊच शकत नाही. झालं तर कुणीतरी चूक केलीय, मला सांगा." आणि दर? "ते मला नका विचारू. सर्वसाधारण सभेत ठराव होतो. ठराव दिसला नाही तर मी व्याज लावत नाही आणि शून्यही लावत नाही. कमिटीला पत्र देतो."

चहा येईपर्यंत माझं डिझाइन झालं होतं. पाच कोऱ्या जागा, पाच वेगळे अर्थ. आणि मी त्या सगळ्यांवर 'स्ट्रिक्ट' नावाचा एकच शिक्का मारून मोकळी झाले होते. स्ट्रिक्ट सगळ्या आर्ग्युमेंटना एकदम लागतं, एकाला लावून दुसऱ्याला सोडता येत नाही.

नंतर वाचनात आलं की रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची पद्धत) मांडणाऱ्या एडगर कॉड यांनीच पुढे सुचवलं होतं की नल एक नको, दोन खुणा हव्यात: एक 'लागू आहे पण माहीत नाही' याची, दुसरी 'इथे लागूच नाही' याची. एसक्यूएलने ते घेतलं नाही. काकांच्या वहीत मात्र ते प्रश्नचिन्ह आणि आडवी रेघ होऊन राहतंय.

आता कोडकडे. मी फंक्शनचे दोन भाग केले. बाहेरच्याने अर्थ लावायचा, आतल्याने फक्त गणित करायचं. बाहेरचं स्ट्रिक्ट नाही. मुद्दल नल असेल तर ते नल परत देतं. सवलत नल असेल तर शून्य धरतं. भरल्याची तारीख नल असेल तर हिशेबाची तारीख धरतं. दर किंवा देय तारीख नल असेल तर एरर, आणि त्या एररमध्ये सोसायटीचा क्रमांक आणि 'व्याजदराचा ठराव नोंदलेला नाही' असं स्वच्छ वाक्य. एररचा कोड २२००४ घेतला. 'नल चालणार नाही' यासाठी पोस्टग्रेसमध्ये तो ठरलेलाच आहे, नवा शोधायची गरज नाही. हिशेबाची तारीख हे सहावं आर्ग्युमेंट मी नव्याने आणलं. आधी फंक्शन आतल्या आत आजची तारीख घ्यायचं, त्यामुळे कालचं बिल आज काढलं की आकडा बदलायचा. हेही नल आलं तर एरर.

या सहाव्या आर्ग्युमेंटने मला दोनदा पाडलं. पहिल्यांदा मी त्याला डीफॉल्ट म्हणून आजची तारीख दिली आणि निर्धास्त झाले. पण डीफॉल्ट फक्त आर्ग्युमेंट दिलंच नाही तर लागतो. मोबाईल अ‍ॅपचा कोड ते देत होता, आणि नल देत होता. दिलेला नल हा दिलेलाच धरला जातो. दुसऱ्यांदा, 'क्रिएट ऑर रिप्लेस' केल्यावर जुनं फंक्शन बदललं असं मी समजले. आर्ग्युमेंटची संख्या बदलली की ते बदलत नाही, शेजारी दुसरं उभं राहतं आणि पाच आर्ग्युमेंटवाली जुनी हाक जुन्याकडेच जात राहते. जुनं ड्रॉप करा. आणि आर्ग्युमेंट तीच ठेवून रिप्लेस करताना स्ट्रिक्ट हा शब्द लिहायचा राहिला तर तो गुण निघून जातो, कुठलीही सूचना येत नाही. कुठलं फंक्शन स्ट्रिक्ट आहे ते पीजी-प्रॉक या कॅटलॉगमधल्या 'प्रो-इज-स्ट्रिक्ट' रकान्यात दिसतं. बदलाआधी आणि नंतर तो बघून ठेवा.

आतलं गणित सोपं: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५००. ४८०० रुपयांवर २१ टक्क्यांनी ९० दिवसांचे २४८ रुपये ५५ पैसे. (२०२४ लीप वर्ष, मग ३६६ का नाही, यावर ऑफिसात एक दुपार गेली. काकांनी फोनवर एका वाक्यात मिटवलं: "३६५. बाकीचं ऑडिटरना विचारा.") इथे स्ट्रिक्ट शोभतं, म्हणून लावलं. वेळेआधी भरणाऱ्यांचे दिवस उणे येतात म्हणून ग्रेटेस्ट वापरून किमान शून्य केलं. चाचणी सर्व्हरवर बिलं काढायला नेहमी सहा मिनिटं लागायची, आता सतरा.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर आमच्या डीबीएने दाखवलं. एसक्यूएलमध्ये लिहिलेलं छोटं फंक्शन पोस्टग्रेस क्वेरीतच उलगडून टाकतं, म्हणून वेग मिळतो. पण फंक्शन स्ट्रिक्ट असेल तर आतला प्रत्येक तुकडाही स्ट्रिक्ट आहे याची त्याला खात्री लागते. ग्रेटेस्ट, कोअलेस, केस हे तसे नाहीत, म्हणून उलगडणं बंद. मी म्हटलं, मग स्ट्रिक्ट काढते. काढलं आणि वेग परत आला. पण त्या रात्री चाचणीत एका ठिकाणी नलच्या जागी पुन्हा ते ओळखीचं ०.०० दिसलं. पोस्टग्रेसचं ग्रेटेस्ट नल गाळतं ना! शून्य आणि नल यांतलं मोठं कोण, तर शून्य. ज्या शून्यापासून पळत होते ते मागच्या दाराने आत आलं होतं. शेवटी उणे दिवसांची तपासणी बाहेरच्या फंक्शनमध्ये नेली, आत फक्त गुणाकार, भागाकार आणि राउंड ठेवला, आणि स्ट्रिक्ट परत लावलं. वेळ सहा मिनिटं, उत्तरं बरोबर.

चाचणीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथे मी सगळ्यात जास्त लाजले. सहा आर्ग्युमेंट, प्रत्येक नल किंवा भरलेलं, म्हणजे ६४ शक्यता. मी ६४ ओळींचं टेबल केलं, अपेक्षित उत्तरं काकांच्या कागदावरून भरली आणि 'आलेलं उत्तर अपेक्षितापेक्षा वेगळं असेल त्या ओळी दाखव' अशी क्वेरी चालवली. एकही ओळ नाही. पुरावा म्हणून प्रिंट काढून अर्जाला जोडला. २ मेच्या बैठकीत डीबीएने विचारलं, "वेगळं म्हणजे कुठल्या चिन्हाने तपासलंस?" साध्या 'बरोबर नाही'च्या चिन्हाने. नल आणि २४८.५५ वेगळे आहेत का? माहीत नाही. माहीत नसलेली ओळ क्वेरीच्या 'व्हेअर' या गाळणीत गळून जाते. म्हणजे नलची चाचणी नलनेच खाल्ली होती. 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' लावल्यावर पाच ओळी चुकलेल्या निघाल्या. पीजीटॅप हे चाचणीचं साधन वापरत असाल तर त्याचं 'इज' हे फंक्शन ही काळजी आपणहून घेतं. मी तेव्हा वापरत नव्हते, आता वापरते.

९ मेच्या बैठकीत वाद झाला तो एररवरून. रात्रीच्या जॉबमध्ये एका सोसायटीचा दर नल निघाला तर सगळ्यांचीच बिलं अडणार, असं टीम लीडचं म्हणणं. त्याला नल परत हवा होता. माझं म्हणणं, नल परत दिला की पुन्हा कुणीतरी पुढे कोअलेस लावणार. मीच लावला होता की. अर्ध्या तासाने तोडगा निघाला तो असा: एरर राहील, पण बिलांच्या तीन दिवस आधी दर नसलेल्या सोसायट्यांची यादी निघेल आणि सपोर्ट त्यांना फोन करेल. आणि टेबलवर 'दर नल नसावा' अशी कन्स्ट्रेंट 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावायची. जुन्या नोंदी लगेच तपासल्या जात नाहीत, पण नवी ओळ किंवा जुन्या ओळीतला कुठलाही बदल त्यातूनच जातो. जुनी घाण उपसायला वेळ मिळतो आणि नवी पडत नाही.

तीन सह्या पूर्ण झाल्या. रकाना सातमध्ये या वेळी आकडा होता. मधल्या काळात चाचणीसाठी महिनाभर भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरचे ६,८०० रुपये कंपनीने भरले. माझे गेले ते रिक्षाचे आणि झोपेचे. २० मेला मतदान म्हणून सुट्टी होती, मग दोन आठवडे ४३ ठिकाणचा कोड तपासण्यात गेले. १५ जूनच्या शनिवारी रात्री अकराला बदल लाइव्ह केला. मागे यायची स्क्रिप्ट दुसऱ्या खिडकीत उघडीच ठेवली होती, ती लागली नाही. बाहेर पाऊस, पंखा फिरतोय आणि मी दर पाच मिनिटांनी लॉग बघतेय. दीडला झोपले.

२८ जूनला यादी निघाली. तीनपैकी एका सोसायटीने आधीच ठराव पाठवला होता. दुसरीच्या सचिवांनी त्याच दुपारी स्कॅन केलेला ठराव धाडला. तिसरीच्या कमिटीत आपापसांत बोलणं बंद आहे म्हणे, त्यांचा दर अजून नाही, त्यांची व्याजाची बिलं अडकलेली आहेत, आणि ती तशीच अडकायला हवीत असं माझं मत आहे. १ जुलैला बाकी सगळ्यांची बिलं निघाली.

३ तारखेला काकांचा फोन. या वेळी 'मॅडम' नाही. "अगं, छान आलीत बिलं. एकूण देय आलं, व्याज माझ्या वहीशी जुळलं. फक्त एक. ज्यांना सवलत नाही त्यांच्यापुढे तुम्ही ०.०० छापताय. तिथे आडवी रेघ हवी. शून्य म्हणजे कमिटीने विचार करून शून्य दिली असं वाटतं."

हिशेबात शून्य धरणं बरोबर, छापण्यात नाही. अर्ज भरून झालाय, एकही रकाना कोरा नाही. गुरुवारी, ११ तारखेला बैठक आहे.